पीसीओएससाठी सोनोग्राफी: पोटावरून की आतून?

पीसीओएस, म्हणजे पाळी आणि अंडाशयावर परिणाम करणारा हार्मोनचा त्रास, तपासायला गेलं आणि सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर नाव आणि वय सांगून झालं की बहुतेक ठिकाणी विचारतात, "लग्न झालंय का?" हो म्हटलं तर आतून, नाही म्हटलं तर पाणी पीत बसा. खरं विचारायचं असतं ते शरीरसंबंध आलेत का आणि आतून तपासलेलं चालेल का, हे. चारचौघांत ते विचारायचं कसं, म्हणून लग्नावर भागवतात. होकार-नकार मात्र तुमचाच.

आतून म्हणजे योनीमार्गे, टीव्हीएस. प्रोब (तपासणीची दांडी) अंडाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे जास्त फ्रिक्वेन्सी वापरता येते आणि बारीक फॉलिकलही (बीजांडाच्या इवल्या पिशव्या) सुटी दिसतात. पीसीओएस ओळखायच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांत एका अंडाशयात २ ते ९ मिमीची १२ फॉलिकल पुरत. पुढे मशीन सुधारली, धडधाकट बायकांतही तेवढी दिसायला लागली; २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी आकडा २० वर नेला. एवढी मोजायची तर आतूनच. लघवी करून यायचं, प्रोबवर कंडोम आणि जेल असतं. अवघडल्यासारखं होतं, दुखलं तर थांबवायला सांगा.

पोटावरून करताना मूत्राशय तुडुंब लागतं (नंबर लांबला की जीव मेटाकुटीला येतो). पोटावर चरबी असली की चित्र धूसर, आणि पीसीओएस असलेल्या अनेकींचं वजन वाढलेलं असतं. त्यामुळे इथं एकूण फॉलिकलच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. बघायचं ते अंडाशयाचं आकारमान: लांबी × रुंदी × जाडी × ०.५२३. मापं ३.५, २.५ आणि २.२ सेंमी असतील तर साधारण १० मिली. एका जरी अंडाशयाचं आकारमान १० मिली किंवा जास्त भरलं तरी निकष पुरा होतो. मात्र त्याच अंडाशयात त्या वेळी मोठं फॉलिकल किंवा सिस्ट असेल तर तो आकडा धरायचा नाही. रिपोर्टवर मापं नसून नुसतं 'बल्की ओव्हरीज, पीसीओडी पॅटर्न' (मोठी अंडाशयं, पीसीओएससारखं चित्र) असेल तर मापं मागून घ्या.

आतून चालत असेल तर मी आतूनच सुचवेन. नको वाटत असेल तर पोटावरून, पण मापांसकट.

त्याआधी डॉक्टरांना विचारा, सोनोग्राफी लागणारच आहे का? पाळी अनियमित आहे, शिवाय चेहऱ्यावर राठ केस आहेत किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलंय, आणि थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या बिघाडासारखी दुसरी कारणं नाहीत, तर निदान सोनोग्राफीशिवायही होतं. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी पोटावरूनही नको आणि आतूनही नको. त्या वयात भरपूर फॉलिकल दिसणं नेहमीचंच. प्रौढ बाईला २०२३ च्या सूचनांनुसार सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ताची तपासणीही चालते. दोन्ही करायची गरज नाही.