बाईकचा अलार्म आणि रिमोट, कोकणातला एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

एप्रिलमध्ये बाईकला रिमोटवाला सिक्युरिटी अलार्म बसवून घेतला, आता डिसेंबर चालू आहे, म्हणजे एक पूर्ण पावसाळा त्याच्या अंगावरून गेलाय. घेताना मी बऱ्याच लोकांचे अनुभव वाचले पण सगळे पहिल्या आठवड्यातले, बॉक्स उघडला, आवाज मोठा आहे, पाच स्टार. आमच्याकडे जून ते सप्टेंबर त्याचं काय होतं ते कुणीच सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, हे दुखणं तिच्या एकटीचं नाही.

मी राहतो पावसजवळ, नोकरी रत्नागिरीत, रोज भाट्याच्या पुलावरून जाणंयेणं. जुलैत तो पूल ज्यांनी बाईकवर पार केलाय त्यांना माहितीय, तिथे पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो आणि ओठ चाटले तर खारट लागतात. घरी बाईक पडवीच्या कडेला उभी असते, अर्धी आत, अर्धी पागोळ्यांखाली. सेट साधाच आहे, १२ व्होल्टचं युनिट सीटखाली, सायरन, हादऱ्याचा सेन्सर, इंजिनची लाईन तोडणारा रिले आणि दोन रिमोट. १,८०० रुपये सेटचे, ३०० बसवायचे. मे संपेपर्यंत एकही तक्रार नव्हती.

जून लागला आणि रात्री सायरन वाजायला लागला. आधी वाटलं कुत्रा, मग वाटलं खरंच कोणीतरी हात लावतंय, दोन रात्री टॉर्च घेऊन पडवीत बसलो तेव्हा कळलं की पागोळीची धार थेट टाकीवर पडत होती आणि वीज गडगडली की उरलंसुरलं सेन्सर पूर्ण करत होता. शेजारी काकूंची नात तान्ही, पोर दचकून उठायचं, काकू काही बोलल्या नाहीत पण मला सकाळी त्यांच्याकडे बघायची लाज वाटायची. सेन्सरची सेन्सिटिव्हिटी सगळ्यात कमी केली, बाईक दोन फूट आत घेतली, तो त्रास तिथे संपला.

खरा त्रास रिमोटचा. रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवायचो, मला वाटायचं आत म्हणजे कोरडा. पण रेनकोटच्या आत घामाने जे होतं ते पावसापेक्षा वाईट. जुलैच्या मध्यावर बघतो तर रिमोटचा लाल दिवा बटण न दाबता मंद जळतोय. नवीन सेल टाकला, चार दिवसांत तोही संपला. शेवटी ब्लेडने रिमोट उघडला. रबराच्या बटणाखाली जे काळे ठिपके असतात त्यांच्या आजूबाजूला पांढरट चिकट थर होता आणि सेलच्या स्प्रिंगवर हिरवट बुरा. म्हणजे ओल बटणाच्या दोन पट्ट्यांना आतून जोडत होती, रिमोटला वाटायचं बटण दाबलेलंच आहे आणि तो सारखा सिग्नल पाठवत बसायचा.

आईने दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला होता. तांदळाने काही होत नाही हो, पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं आणि पुढच्या दमट हवेत परत ओलं होतं. मोबाईल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल (बोर्ड साफ करायचं अल्कोहोल) आणलं, जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, पंख्याखाली रात्रभर ठेवला, तेव्हा चालला. पेट्रोल असलं काही लावू नका, रबर फुगतं.

त्याच महिन्यात ताईकडे कोल्हापूरला नऊ दिवस गेलो, आंबा घाट उतरून परत आलो तर बाईकचा सेल्फ मेलेला, बॅटरी ११.५ व्होल्ट. मेकॅनिकने मीटर लावला, बाईक बंद आणि अलार्म चालू असताना १४ मिलिअँपिअर जात होते. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाचे ३३६ मिलिअँपिअर-तास होतात, नऊ दिवसांचे तीन हजाराच्या वर, आणि बॅटरी माझी ४ अँपिअर-तासाची. मग त्याने सीटखालचा सॉकेट काढून हातावर ठेवला. आत हिरवा-पांढरा चिखल. लाल वायरीची पिन इतकी खाल्ली गेलेली की बोटाने हलवली आणि तुटली, शेजारची काळ्या वायरीची मात्र जवळजवळ धड. कारण असं की नुसतं पावसाचं पाणी करंट फारसा वाहू देत नाही, त्यात मीठ आलं की देतं, आणि कायम १२ व्होल्ट असलेली प्लसची पिन आधी विरघळते. इग्निशन बंद केली तरी अलार्मची लाईन चालूच असते ना, त्यामुळे हे रात्रंदिवस चालतं.

मेकॅनिक म्हणाला, "पेटीत पाणी वरनं नाय गेलं, वायरीवरनं उतरलंय." युनिट खाली आणि वायरी वरून सरळ त्यात उतरलेल्या, म्हणजे पन्हळच झाली. त्याने नवीन पिना टाकल्या, सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (करंट न वाहणारं, ओल अडवणारं) भरलं, तोंड खाली केलं आणि वायरींना सॉकेटच्या आधी चांगला झोळ दिला, पाणी झोळाच्या तळाला थेंबून पडतं, आत जात नाही. सायरनचं तोंडपण जमिनीकडे केलं. नंतर मोजलं तर १४ चे ८ मिलिअँपिअर झाले. एवढा साधा झोळ एप्रिलमध्येच दिला असता तर पिनांचं हे झालं नसतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण पिना दुरुस्त झाल्या तरी रिमोटची भीती होतीच आणि ती गणपतीच्या आदल्या दिवशी खरी ठरली. भाऊ कोकणकन्येने येणार, पहाटे त्याला आणायला स्टेशनवर गेलो, बाईक लावली, अलार्म आपोआप लॉक होतो तसा झाला. गाडी आली, भाऊ, वहिनी, दोन पिशव्या, धो धो पाऊस, आणि रिमोट मेला. चावी फिरवली की सायरन वाजतो आणि इंजिन मात्र बंदच. सगळे चाकरमानी रिक्षा शोधतायत आणि आम्ही सायरन बडवत उभे. एका रिक्षावाल्या दादांनी छत्री धरली, मी सीट उघडून अलार्मचा सॉकेट ओढून काढला आणि नशिबाने बाईक चालू झाली. नशिबाने, कारण माझा रिले असा होता की करंट गेला की इंजिनची लाईन परत जुळते. काही सेटमध्ये उलट असतं, तिथे सॉकेट काढून काही उपयोग नाही. आणि मला जे जमलं ते चोरालाही जमेल हेपण आहेच, त्यामुळे आता सॉकेट टाकीखाली सरकवून घेतलाय आणि त्याच्याजवळ अलार्मला वगळून इंजिन चालू करणारा एक लपवलेला बायपास स्विच बसवलाय, ज्याची जागा फक्त मला आणि भावाला माहीत.

घेणार असाल तर दुकानदाराला रेंज आणि आवाज नंतर विचारा, आधी युनिट कुठे बसवणार आणि वायरी कुठून खाली येणार ते विचारा. रिमोटने इंजिन स्टार्ट होणारा सेट आमच्याकडे घेऊ नका असं माझं स्पष्ट मत, ज्या रिमोटला ओलीने बटण दाबल्यासारखं वाटतं त्याच्या हातात इंजिन द्यायला मन धजत नाही. मला परत घ्यायचा झाला तर हाच घेईन, मासे बाजारात पहाटे बाईक लावून जाताना जीवाला जी शांतता मिळते ती या पैशात दुसरीकडे नाही.

सध्या एक रिमोट डब्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर असतो, पण आधी फडक्याने पुसून, ओला तसाच झिपच्या पिशवीत कोंडला तर आत वाफ धरते. दुसरा घरी कपाटात, सेल काढून. आता मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं निघतील तेव्हा नारळाच्या झापांबरोबर सीटपण उघडायची, ग्रीस बदलायचं, आणि पत्र्याला पन्हळ लावून ती पागोळी टाकीवरून बाजूला करायची.