थॉनी: पहिल्या वर्षाला पायथन शिकवायचं असेल तर हेच घ्या

रत्नागिरीत पदवीच्या पहिल्या वर्षाला मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. लॅबमध्ये दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं: "मॅडम, रन होत नाय." कुठल्या ओळीवर अडलं, खाली लाल अक्षरांत काय आलंय, यातलं काहीच कोणी सांगत नाही. लाल दिसलं की वाचायच्या आधी हात वर. मुलं हुशार आहेत, लांजा-देवरुखहून सकाळची एसटी पकडून येतात, पण बहुतेकांनी बारावीपर्यंत कॉम्प्युटर फक्त लांबून पाहिलेला असतो. एरर म्हणजे आपण काहीतरी मोडलं, अशी त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती घालवायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो थॉनीचा. इतर कॉलेजांतल्या शिक्षकांनी तो वापरून बघावा म्हणून सविस्तर लिहिते.

थॉनी हा पायथन लिहायचा आणि चालवायचा एडिटर आहे. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात आयवार अन्नामा यांनी तो नवशिक्यांसाठीच बनवला. पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर त्याच्या सिस्टीममध्ये तो बहुधा आधीच असेल. मुख्य सोय अशी की पायथन त्याच्या पोटातच येतं. वेगळं पायथन टाका, पाथ सेट करा, तो चुकला की पुन्हा काढा, हा पहिल्या आठवड्याचा घोळ पूर्ण वाचतो. विंडोज ७ वर चालणारी आवृत्तीसुद्धा त्यांच्या साइटवर ठेवलेली आहे, आणि ज्या लॅबमध्ये अजून जुनी मशीन्स आहेत तिथे याची किंमत कळते. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी आवृत्तीही मिळते.

एकदा टाकल्यावर नेट लागत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट आणि नेट दोघांचाही भरवसा नसतो. ब्राउझरमध्ये चालणारे एडिटर कितीही देखणे असले तरी पावसाळ्यात त्यांच्यावर प्रॅक्टिकल घेता येत नाही. थॉनीत रन दाबलं की आधी फाइल सेव्ह होते, मगच प्रोग्राम चालतो. त्यामुळे लाइट गेली तरी शेवटच्या रनपर्यंतचं काम जागेवर असतं. यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या लॅबमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे.

आता त्याचं खरं बळ कशात आहे ते सांगते. आंब्याचा हिशोब मी दर वर्षी देते, कारण घरची कलमं असलेली मुलं वर्गात बरीच असतात. किती डझन ते विचारायचं, डझनाचा भाव ८०० धरायचा, गुणून एकूण रक्कम छापायची. मुलगी ५ टाकते. उत्तर यायला हवं ४,०००. स्क्रीनवर येतात पाचच पाच, आठशे वेळा, ओळीमागून ओळी. वर्गात हशा पिकतो, शेजारचे उठून बघायला येतात. कारण साधं आहे. इनपुटमधून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो, आणि मजकुराला ८०० ने गुणलं की पायथन तोच मजकूर ८०० वेळा लिहून देतं. फळ्यावर हे कितीही समजावलं तरी पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच.

थॉनीत तिला कंट्रोल धरून एफ ५ दाबायला लावते, म्हणजे प्रोग्राम सुरू होऊन पहिल्याच ओळीवर थांबतो. मग एफ ७ ने एकेक पाऊल पुढे जायचं. गुणाकाराची ओळ आली की ती एका चौकटीत उघडते आणि तिचा एकेक तुकडा आपल्या किमतीत बदलत जातो. 'डझन'च्या जागी ५ येतो, पण दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घेऊन. 'भाव'च्या जागी नुसते ८००. "मॅडम, याला कोट आहेत नि त्याला नायत!" एवढं तिनं स्वतः पाहिलं की मला पुढे बोलायची गरज उरत नाही. इंट (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) कुठे लावायचं ते ती आपणच शोधते, आणि पुढच्या वेळी शेजारणीला दाखवते.

रिकर्शनलाही, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याला, हीच युक्ती. ४ चं फॅक्टोरियल (४ × ३ × २ × १) काढायला घेतलं की फंक्शन जेव्हा जेव्हा स्वतःला बोलावतं तेव्हा नवी खिडकी उघडते, आणि प्रत्येक खिडकीत तिची तिची एनची किंमत असते: ४, त्यावर ३, त्यावर २, त्यावर १. मग एकेक खिडकी उत्तर देऊन मिटत जाते. रिकर्शन शिकवताना फळ्यावर चौकटी काढून माझे हात दुखायचे आणि मागच्या बाकापर्यंत काही पोहोचायचं नाही. प्रोजेक्टरवर या खिडक्या मिटताना बघून वर्ग शांत होतो आणि मग प्रश्न सुरू होतात. चांगले प्रश्न.

बारीकसारीक गोष्टींतही विचार दिसतो. कंस बंद करायचा राहिला की तिथून पुढचा भाग राखाडी होतो. अवतरणचिन्ह राहिलं तर त्याचाही रंग बदलतो. व्हॉट्सअॅपवर आलेला कोड चिकटवला की बऱ्याचदा त्यातली साधी अवतरणचिन्हं वाकडी होऊन आलेली असतात, आणि पायथन ती मानत नाही. थॉनीत अशा मजकुराला मजकुराचा रंगच चढत नाही, म्हणून सरावलेल्या मुलाला रन करायच्या आधीच शंका येते. आणखी एक: रँडम आकड्यांचा प्रोग्राम आला की निम्मा वर्ग फाइलचं नावही रँडमच ठेवतो. मग पायथन स्वतःचं रँडम सोडून यांचीच फाइल उचलतं आणि अगम्य एरर येते. थॉनी सेव्ह करतानाच सांगतो की हे नाव ठेवलंत तर त्या नावाचं मॉड्यूल (पायथनसोबत येणारा तयार कोड) वापरता येणार नाही. हा इशारा ज्यांना सुचला त्यांनी नक्की लॅबमध्ये उभं राहून मुलं शिकवली असणार.

मराठीतली मजाही इथे करून बघण्यासारखी आहे. 'रत्नागिरी'ची लांबी विचारली की पायथन ९ सांगतं. वर्गाला हे पटत नाही. मग लूप लावून एकेक अक्षर व्हेरिएबल्सच्या खिडकीत, म्हणजे साठवलेल्या किमती दिसतात तिथे, बघायचं: र, त, मग एकटा पाय मोडलेला हलंत, न, काना, ग... युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीत) व्यंजन, हलंत आणि मात्रा वेगवेगळ्या साठवल्या जातात, हे मग कोणाला पाठ करावं लागत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि १२ देवनागरीत टाकले गेले तरी इंट ते बिनबोभाट वाचतं, हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद तर बघण्यासारखा असतो.

उणिवाही आहेत. विंडोजवर देवनागरी नीट दिसते, पण लिनक्सवर जोडाक्षरं तुटक दिसू शकतात. पावलापावलाने चालवायची सोय छोट्या प्रोग्रामपुरतीच खरी. हजारो फेऱ्यांचा लूप तसा चालवला तर बसून राहावं लागतं. अनेक फाइल्सचा प्रोजेक्ट सांभाळायची किंवा गिटची (कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनाची) सोय नाही, त्यामुळे वरच्या वर्गांना तो अपुरा पडतो. इंग्रजी एरर शेवटी इंग्रजीतच येते. असिस्टंटच्या खिडकीत थोडं समजावून दिलेलं असतं, पण तेही वाचायची सवय शिक्षकानेच लावावी लागते. माझा नियम आहे: एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी जागेवर येत नाही.

कॉपीच्या बाबतीत एक सोय जपून वापरा. टूल्समध्ये रीप्लेअर आहे. वापराची नोंद चालू ठेवली असेल तर प्रोग्राम कसा कसा टाइप होत गेला ते त्यात पुन्हा बघता येतं. वीस ओळी एका फटक्यात येऊन पडल्या की लगेच कळतं. पण नोंद होते आहे हे मुलांना आधी सांगा. मी तोंडी परीक्षेच्या वेळी मुलाच्या शेजारी बसूनच ती लावते आणि विचारते की ही ओळ खोडून दुसरी का लिहिलीस. ज्याने स्वतः केलंय तो भरभरून बोलतो. गुणही मग त्या बोलण्यावर देते, जर्नलातल्या सुवाच्य अक्षरावर नाही.

टाकताना एवढं करा: पहिल्यांदा उघडल्यावर स्टँडर्ड मोड निवडा आणि व्ह्यूमधून व्हेरिएबल्स व असिस्टंट चालू आहेत ना ते प्रत्येक मशीनवर बघा. दुसऱ्या वर्षाला मी मुलांना मोठ्या एडिटरवर नेते. तिथला डीबगर त्यांना एका तासात जमतो, कारण प्रोग्राम थांबवून आत डोकवायची सवय आधीच लागलेली असते.