शेरिनचा चामड्याचा बॉल: मुलांची मान वर राहावी म्हणून

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे लंबगोल बॉलच्या ‘फुटी’तला निक डाइकॉस गर्दीतून बॉल उचलतो तेव्हा त्याची नजर बॉलवर नसते. बॉल हातात बसायच्या आत मान वर गेलेली असते आणि पुढचा हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, कुणाकडे द्यायचा ते ठरलेलं असतं. २००३ सालचा जन्म, २०२२ चा रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार), २०२३ मध्ये कॉलिंगवुड क्लबबरोबर प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, आणि पाठीवर वडिलांचाच ३५ नंबर. वडील पीटर डाइकॉस यांनी १९९० च्या एका मोसमात ९७ गोल मारले होते. त्यामुळे ‘रक्तातच आहे’ असं म्हणणं सोपं जातं. पण मान वर राहते त्याचं कारण हातात आहे. बॉल कसा उसळेल, किती घसरेल, बोटांत कसा बसेल हे हातांना आधीच माहीत असतं, म्हणून डोळे मोकळे राहतात. ही माहिती हातांना देणारा एकच गुरू आहे, तो म्हणजे बॉल. म्हणूनच ऑस्ट्रेलियात फुटी खेळणाऱ्या मुलांसाठी कोणता बॉल घ्यावा, हा प्रश्न बुटांपेक्षा मोठा आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर फरक टेनिस बॉल आणि सीझन बॉलचा आहे. टेनिस बॉलवर वर्षभर खेळलेला मुलगा सीझन बॉलसमोर पहिल्यांदा उभा राहिला की त्याची वेळ चुकते. सिंथेटिक फुटीवर वाढलेल्या मुलाचं चामड्याच्या बॉलसमोर अगदी हेच होतं.

शेरिन कांगारू ब्रँड, म्हणजे सगळे ज्याला केबी म्हणतात तो, एएफएलचा, म्हणजे फुटीच्या सर्वोच्च लीगचा, सामन्यातला बॉल आहे. टी. डब्ल्यू. शेरिन यांनी १८८० च्या सुमारास मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागात हे बॉल बनवायला सुरुवात केली. गाईच्या चामड्याच्या ४ पाकळ्या उलट्या बाजूने शिवायच्या, मग कवच सुलटं करायचं, आत रबरी ब्लॅडर घालायचं आणि तोंड लेसने आवळायचं, ही पद्धत. दिवसाच्या सामन्याला लाल, रात्रीच्या सामन्याला पिवळा. नियमाप्रमाणे मोठ्या बॉलचा लांबीकडचा घेर ७२० ते ७३० मिलिमीटर, आडवा घेर ५४५ ते ५५५ मिलिमीटर आणि हवेचा दाब ६२ ते ७६ किलोपास्कल, म्हणजे पंपावरच्या काट्याने साधारण ९ ते ११ पीएसआय.

हा दाबच बहुतेक घरांत दुर्लक्षित राहतो, आणि मुलाच्या खेळात सगळ्यात जास्त गोंधळ त्यानेच होतो. दाब जास्त झाला की बॉल दगडासारखा होतो. छातीवर घेताना निसटतो, जमिनीवरून हवा तेवढ्यापेक्षा वर उडतो, पायाला लागताच टणकन सुटतो आणि दिशा हातची जाते. कमी झाला तर किकचं अंतर घटतं आणि धावताना मारलेला बाऊन्स हातापर्यंत परतच येत नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याला दर १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. तिथे बाऊन्सचा भरवसा नसेल तर मूल साहजिकच खाली बघत पळतं. खाली बघितलं की समोरचा मोकळा साथीदार दिसत नाही. ‘याला खेळ दिसत नाही’ असं ज्या मुलाबद्दल बोललं जातं, त्याच्या बॉलमध्ये आधी हवा किती आहे ते पाहा.

मेलबर्नच्या हिवाळ्यात यात आणखी एक खाचखळगा आहे. घरात २२ अंशांत ६९ किलोपास्कलपर्यंत भरलेला बॉल सकाळी ६ अंशांच्या मैदानावर नेला की दाब ६० च्या आसपास उतरतो, म्हणजे नियमाच्या खाली. उलट उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान ५० अंशांवर गेलं तर तोच बॉल ८५ च्या पुढे जातो आणि शिवणीवर ताण येतो. म्हणून हवा मैदानावर पोहोचल्यावर, बॉल दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहिल्यानंतर तपासायची. काटा असलेला छोटा हातपंप पुरतो. सुई कोरडी घुसवू नका, एक थेंब ग्लिसरीन लावा. कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटला तर ब्लॅडर बदलण्यासाठी लेस उसवावी लागते.

आता आकार. मोठ्या पुरुषांचा बॉल ५ नंबरचा, एएफएलडब्ल्यूमध्ये, म्हणजे महिलांच्या लीगमध्ये, ४ नंबरचा, आणि लहान गटांत वयाप्रमाणे त्याहून छोटे. कुठल्या वयोगटाला कोणता नंबर हे आपल्या लीगकडून विचारून घ्या आणि तोच घ्या. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून एक नंबर मोठा घेणं ही शाळेच्या गणवेशाची सवय इथे फार महागात पडते. कारण साधं आहे. ड्रॉप पंट, म्हणजे बॉलला उलटी गिरकी देणारी किक, मारताना शेवटच्या क्षणी बॉल एकाच हातातून, उभा आणि न डगमगता पायावर सोडायचा असतो. छोट्या पंज्यात मोठा बॉल मावत नाही, मग मूल दोन्ही हातांनी तो वर उडवतं. हवेत बॉल तिरका होतो, पाय त्याच्या पोटाला लागतो, उलटी गिरकी मिळत नाही आणि किक बाजूला फडफडत जाते. ही सवय दोन मोसम मुरली की सोडवायला चार लागतात.

चामडं विरुद्ध सिंथेटिक यात आमचा कौल सरळ चामड्याकडे आहे, पण अटी आहेत. नवा केबी चकचकीत, घट्ट आणि काहीसा निसरडा असतो. त्याच्यावर लगेच सामना खेळू नये. आधी तीन-चार सरावांत फक्त हँडबॉल आणि छोट्या किक घ्या. हातांचा घाम आणि गवत लागून चामडं मोकळं होतं आणि मग जी पकड येते तिची बरोबरी प्लॅस्टिकच्या पुटकुळ्यांना जमत नाही. चामड्याचा बॉल टोकावर पडला तर झेप घेतो, पोटावर पडला तर खाली राहून सरकतो, आणि यातला फरक ठळक असतो. सिंथेटिक बॉल बहुधा कसाही पडला तरी जास्तच उसळतो. त्यामुळे मूल उसळी वर येण्याची वाट बघायला शिकतं, आणि फुटीत वाट बघणाऱ्याच्या आधी दुसरा कुणीतरी वाकलेला असतो.

उंच उडणाऱ्यांच्या गर्दीतून सुटून खाली पडलेला बॉल टिपणारे छोटे फॉरवर्ड याच फरकावर जगतात. एडी बेट्सने २००६, २०१५, २०१६ आणि २०१९ असा चार वेळा गोल ऑफ द इयर मिळवला. सीमारेषेजवळच्या कोपऱ्यातून, जिथून गोलचे खांब जवळजवळ दिसतच नाहीत, तिथून वळणदार किक मारण्यात त्याचा हात धरणारा विरळा. ॲडलेड ओव्हलवर त्या कोपऱ्याला त्याचंच नाव चिकटलं. अशी किक जमिनीवरून घरंगळत न्यायची तर बॉल दुसऱ्या टप्प्याला कुठे वळेल याचा अंदाज हवा. तो अंदाज शब्दांत कुणालाही सांगता येत नाही. त्यासाठी त्याच वजनाचा, त्याच आकाराचा बॉल हजारो वेळा घरंगळताना बघावा लागतो.

पाऊस मात्र चामड्याचा शत्रू. पाणी शोषून बॉल जड होतो, ताणला जातो आणि हळूहळू गोलसर होत जातो. ओला बॉल फडक्याने पुसून सावलीत, वारा लागेल असा ठेवा. हीटरजवळ ठेवलात तर चामडं कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. जुन्या ५ नंबरच्या बॉलचा आडवा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. ५५५ च्या बराच पुढे गेला असेल तर तो सामन्यासारखा वागणार नाही, त्याला सरावाच्या पिशवीत टाका. काँक्रीटवर आणि विटांच्या भिंतीवर चामड्याचा बॉल मारू नका. तिथे सिंथेटिकच बरा, आणि भर पावसातल्या सरावालाही.

किमतीचं ओझं आहेच. केबी शंभर डॉलरच्या बराच वर जातो, साधा सिंथेटिक त्याच्या छोट्याशा हिश्श्यात मिळतो. अगदी छोट्या मुलांना, ऑसकिकच्या (छोट्यांना फुटी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या) पहिल्या वर्षी, सिंथेटिक पुरे. पंजा वाढला, टॅकल (बॉलवाल्याला धरून अडवणं) असलेले सामने सुरू झाले, की चामड्याचा घ्या.

कारण टॅकल आला की वेळ संपतो. बॉल हातात असताना सुटकेची संधी मिळूनही तो नीट दिला नाही आणि पकडले गेलात, तर ‘होल्डिंग द बॉल’ म्हणून फ्री किक समोरच्याला. ऑफसाइड नाही, म्हणजे धोका चारही बाजूंनी. अशा वेळी बॉल पकडू कसा हा विचार डोक्यात शिल्लक असेल तर निर्णयाला जागाच उरत नाही.

म्हणून चांगला बॉल घेतल्यावर सरावही तसाच हवा. आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटणारा असा: दोन मुलं डावी-उजवीकडे ८ मीटरवर उभी करा, तिसरं मधे, पाठ फिरवून. बॉल त्याच्या अंगावरून उंच टाका, जमिनीवर पडू द्या आणि तो उसळून वर आल्यावरच बाजूच्या दोघांपैकी एकाने हात वर करायचा. मधल्याने बॉल उचलून हात वर केलेल्याकडेच हँडबॉल करायचा. १० वेळा उजव्या मुठीने, १० वेळा डाव्या. हात बॉलच्या आधी वर केलात तर मूल मनात ठरवूनच उचलायला जातं आणि सरावाचा अर्थच जातो. मूठ वळताना अंगठा बाहेर राहिला पाहिजे, आणि ज्या तळहातावर बॉल ठेवलाय तो हात स्थिर हवा. तो हात वर उडाला तर अंपायर ‘थ्रो’ देतो. आणि एक विनंती: सीमारेषेवरून ‘किक, किक!’ असं ओरडू नका. ओरडणारा दुसऱ्याच जागेवरून मैदान बघत असतो. मुलाच्या डोळ्यांना जे दिसलं त्यावर त्याला चुकू द्या.

लहान मुलांच्या स्वस्त बॉलबद्दल एक गोष्ट भारतीय पालकांना ठाऊक असावी. २०१२ साली शेरिनने भारतात शिवून घेतलेल्या बॉलमागे बालकामगार असल्याचं उघड झालं, आणि शिवणीची सुई आत राहिलेली सापडल्याने बॉल परत मागवावे लागले. कोणताही नवा स्वस्त बॉल मुलाच्या हातात देण्याआधी दाबून, शिवणीवरून बोट फिरवून बघा.

दुकानात केबी हातात घेतल्यावर पैसे देण्याआधी चार गोष्टी. नंबर बॉलवरच छापलेला असतो, तो वाचा. टेबलावर आडवा ठेवून हलकेच गरगर फिरवा. तो थरथरत फिरला तर पाकळ्या असमान शिवल्या आहेत, दुसरा मागा. दोन्ही टोकांना जिथे चारही शिवणी भेटतात तिथे फट नको. आणि मुलाला सोबत न्या. बॉल त्याच्या एका हातात, टोक खाली करून धरायला लावा. पाच सेकंद न निसटता, न दुसरा हात लावता धरता आला तर तो त्याचा बॉल. नाहीतर एक नंबर खाली या.