अंकी ॲप: पेपरात ऐनवेळी आठवायला कितपत उपयोगी?

घरी तोंडपाठ असलेलं उत्तर पेपरात आठवत नाही आणि बाहेर पडताना जिन्यात आठवतं. ते पुसलं गेलेलं नसतं, फक्त वर येत नसतं. ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक शिगेला पोचतं आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाच्या भागातून आठवण वर आणण्याच्या कामात अडथळा आणतं. 2000 साली एका प्रयोगात निरोगी लोकांना 25 मिलिग्रॅम कॉर्टिसोन (शरीरात ज्याचं कॉर्टिसॉल होतं ते औषध) दिलं, तर तेवढ्यानेही आधी पाठ केलेले शब्द कमी आठवले. म्हणजे केंद्राच्या फाटकाशी अर्धा तास आधी रंगणारी ‘तुझं काय काय झालं?’ ही चर्चा भलत्याच मुहूर्तावर होते.

यावर अंकी कामाचं आहे. हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप: आधी प्रश्न दाखवतं, मग उत्तर, आणि तुम्ही कुठलं बटण दाबता त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी आणायचं ते ठरवतं. म्हणजे ते वाचायला लावत नाही, आठवायला लावतं. टफ्ट्स विद्यापीठाच्या 2016च्या प्रयोगात 120 जण होते. परत परत वाचून पाठ केलेल्यांची आठवण ताणानंतर 25 मिनिटांनी घसरली. न बघता आठवून पाहिलेल्यांची टिकली.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर ॲप फुकट, आयफोनवर पैसे पडतात. दिसायला अगदीच रुक्ष, पण त्याने काही अडत नाही.

अडतं ते बटणांपाशी. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’च दाबायचं. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’ असा आहे; लाजेखातर तो दाबला की ॲप कार्ड पास झालं असं धरतं आणि पुढची तारीख लांब टाकतं. ‘शो ॲन्सर’ दाबण्याआधी उत्तर मोठ्याने बोला किंवा कागदावर लिहा. मनातल्या मनात ‘हां, येतंय’ म्हणणं ही निव्वळ फसवणूक. एका कार्डावर एकच गोष्ट ठेवा. ‘कॉर्टिसॉलची कार्ये लिहा’ हे कार्ड नापासच होत राहणार. ‘कॉर्टिसॉल कुठल्या ग्रंथीत तयार होतं?’ हे चालेल.

रोज 20 नवीन कार्डं ही मूळ सेटिंग नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला झेपत नाही. काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेवर जाते, चार दिवस खाडा झाला की सातशे कार्डं समोर उभी राहतात आणि तोच नवा ताण. 8-10 वर आणा.

खरी उणीव वेगळीच आहे. एफएसआरएस (उजळणीच्या तारखा ठरवणारी ॲपमधली नवी पद्धत) चालू केल्यावर ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवावीत याचं लक्ष्य, 0.90 असतं, पण ते नव्वद टक्के तुमच्या खुर्चीतले, पंख्याखालचे. परीक्षा हॉलमधल्या धडधडीचा हिशेब त्यात नाही. शेवटच्या महिन्यात ते 0.94 करा (उजळण्या बऱ्याच वाढतील), नवीन कार्डं बंद ठेवा आणि तोंडी परीक्षा असेल तर रोज 15-20 कार्डं कुणाला तरी समोर बसवून, घड्याळ लावून विचारायला सांगा. ॲप हे करून देत नाही.

दुसऱ्यांनी बनवलेले तयार डेक (कार्डांचे संच) उतरवून घेणं मात्र सोडा. दुसऱ्याच्या शब्दांतला प्रश्न ओळखीचा व्हायलाच आठवडा जातो.