पोकेमॉन स्कार्लेट: मूव्ह शिकून इव्हॉल्व्ह होणं, एकदम भारी

2022 चा हा गेम मला सगळ्यात जास्त आवडला तो प्राइमएप या पोकेमॉनमुळे. 35 लेव्हलला तो रेज फिस्ट हा मूव्ह (लढाईतली चाल) शिकतो, मग तो मूव्ह 20 वेळा वापरायचा आणि त्यानंतर एक लेव्हल वाढली की इव्हॉल्व्ह होऊन, म्हणजे रूप बदलून, अ‍ॅनायहिलेप! मार खाल्ला की रेज फिस्टची पॉवर 50 ने वाढते, म्हणजे राग साठत साठत शेवटी त्याचं रूपच बदलतं, काय सुचलंय राव. बाकी पोकेमॉनमध्ये जिराफरिग ट्विन बीम हा मूव्ह शिकून, डन्स्पार्स हायपर ड्रिल शिकून बदलतो, ते सोपंय. मूव्ह काढून टाकला असेल तरी मेनूतूनच परत आठवून देता येतो, ही सोय मस्तच. फक्त 20 वेळांचा आकडा स्क्रीनवर दिसायला हवा होता, वहीत रेघा मारत मोजलं मी.