टेम्पोतला ‘मियाझाकी’ आणि पट्टीखालचा नसलेला सांधा

पावसाच्या दोन सरी पडल्या की नागपुरात रस्त्याकडेला रोपांचे टेम्पो लागतात. लालबुंद आंब्याचा फोटो, खाली ‘मियाझाकी कलम, पुढच्या वर्षी फळ’. असंच एक 900 रुपयांचं रोप बागेत लागलं. दोन महिन्यांनी खोडावरची पट्टी सोडली, तर आत कलमाचा सांधाच नव्हता, म्हणजे खालच्या रोपावर चांगल्या जातीची काडी जोडलेलीच नव्हती. खोड सरळ, गुळगुळीत. एका बाजूला सालीवर पात्याने ओढलेली रेघ, तीही भरून आलेली. कोयीचं साधं रोप, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं.

पाचर कलमात खालच्या रोपाच्या चिरेत पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात. खऱ्या कलमाच्या सांध्यावर त्या पाचरीची खूण दिसते. तिथे खोड थोडं फुगलेलं असतं आणि वरच्या-खालच्या सालीचा रंग बहुधा जुळत नाही. पट्टी सोडून दाखवा म्हटलं की ‘हवा लागून मरेल’ हे उत्तर ठरलेलं. ते अर्धंच खरं. महिनाभराच्या कलमाची पट्टी सोडू नये, पण इतकं कोवळं कलम विकायलाच आणायचं नसतं. वर दोन पालव्या येऊन पक्क्या झाल्या की पट्टी सोडावीच लागते, नाहीतर ती खोडात रुतते आणि वाऱ्यात झाड तिथूनच मोडतं.

रोपालाच लटकलेल्या फळाला भुलू नका. देठाला बोट लावून पाहा. ते चिकटवलेलं असेल तर बारीक तार किंवा गोंद हाताला लागतो. फळ खरं असलं तरी वीतभर पिशवीतलं रोप ते पोसताना थकतं, लावल्यावर आधी ते तोडायचं. बुंधा धरून हलकेच उचला. पिशवी खाली राहून रोप वर आलं, तर ते कालच उपटून भरलंय.

आता नावाबद्दल. मियाझाकी ही जातच नाही. जपानच्या त्या प्रांतात फ्लोरिडाची ‘आयर्विन’ जात हरितगृहात वाढवतात, फळ पिकून जाळीत गळेपर्यंत थांबतात. ऐकू येणारा लाखाचा भाव लिलावातल्या निवडक जोडीचा, झाडाचा नव्हे. पानावरून तर जात खात्रीने सांगता येत नाही.

रामबुतान, मँगोस्टीन ही दमट हवेतली परदेशी फळझाडं अस्सल मिळाली तरी नागपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांच्या कोरड्या झळांत पानं करपतात. ‘इथे चालतं’ म्हणून विकणं हीसुद्धा फसवणूकच. बियांच्या रामबुतानात तर पुष्कळ झाडं नर निघतात.

संत्र्यातही हेच. बांधलेला संत्र्याचा डोळा मेलेला असतो आणि खालच्या जंभेरीची (ज्या लिंबाच्या रोपावर डोळा बांधतात त्याची) फूट संत्रा म्हणून विकली जाते. पान चुरगळून वास घ्या, लिंबाचा वास आला तर ती जंभेरी. संत्र्याची कलमं अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून घ्यावीत.

बिलावर जात, खुंट (कलमाखालचं मूळ रोप) आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्या. फळझाडांच्या रोपवाटिकांना राज्यात 1969च्या कायद्याने परवाना लागतो. टेम्पोवाल्याकडे बिलबुक नसतंच, तिथेच परत फिरा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. ऑनलाइन पैसे पाठवून रोपच आलं नाही, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

कोयीचं रोप मात्र उपटू नका. तक्रारीसाठी सांध्याच्या जागेचे आणि पट्टीचे फोटो काढून ठेवा. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळ्यात त्यावर ओळखीच्या केसर किंवा दशहरीची काडी पाचरीने बांधा. खुंट म्हणून ते उत्तम चालतं.