नॉर्वेच्या तेल-फंडाची वेबसाइट: शिकवणाऱ्यांनी जरूर बघावी

तेलावर चालणाऱ्या देशांचं बजेट शिकवायचं असलं की मी वर्गात हीच साइट उघडते. पहिल्याच पानावर फंडाचं एकूण मूल्य क्रोनरमध्ये (नॉर्वेचं चलन) डोळ्यांदेखत बदलत असतं. मुलं त्या पळत्या आकड्यांकडे बघतच राहतात! मग सांगणं सोपं जातं: तेलाचा पैसा थेट खर्चात न घालता १९९६पासून इथे जमा होतो, गुंतवणूक सगळी देशाबाहेर, आणि सरकारनं बजेटला वर्षाकाठी फंडाच्या साधारण ३ टक्क्यांपुरतंच घ्यायचं. २०१७पर्यंत ही मर्यादा ४ टक्के होती. त्यामुळे तेलाचे भाव कोसळले तरी सरकारी खर्चाला लगेच कात्री लागत नाही. मला सर्वांत आवडते ती फंडानं पैसे गुंतवलेल्या कंपन्यांची यादी. कुणात किती हिस्सा, सगळं उघड. लॉगिनही लागत नाही.